मला बसता येत नाही

हल्ली म्हणे या गोष्टीला रोग मानतात. परवा आमच्या नात्यातली एक डॉक्टरीण घरी आली होती. तिच्याशी बोलता बोलता मी तिची कपबशी विसळून आणली, टेबल पुसलं, आणि खुर्चीखाली केर दिसला म्हणून तिला उठवून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. मग त्या खुर्चीखालीही दिसला. तेव्हा ती उभ्या उभ्याच म्हणाली, "आजी, काम केल्याशिवाय जिवाला चैन न पडणं हीसुद्धा एक व्याधी आहे. दारूच्या व्यसनासारखी." मी म्हटलं, "दारू प्यायल्यानं घरातला केर निघतो का गो?" उत्तर चोख दिलं म्हणून मला बरं वाटलं. पण मनातून ठाऊक होतं की पोरगी खरं बोलतेय. फक्त तिला वाटत होतं की ही बातमी ती मला पहिल्यांदा सांगतेय, आणि ते काही खरं नव्हतं. मला ती फार पूर्वी कळली होती, आणि तीही आमच्या मागच्या पडवीत.

एकोणीसशे वीस सालाच्या आगेमागे मी लग्न होऊन रत्नागिरीला आले. घर वरच्या आळीत, जांभ्या चिऱ्यांचं, पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीला लागून गोठा. माणसं मोजकीच. सासूबाई, आमचे हे, मी, आणि पुढे झालेली एकुलती एक मुलगी. एवढ्या माणसांचं काम ते असून असून किती असणार? शेजारणींना चार-चार, पाच-पाच पोरं, तरी त्या दुपारी वाती वळत गप्पा मारायला मोकळ्या. मला मात्र दिवस पुरायचा नाही, कारण झालेलं काम मी पुन्हा करत असे. सासूबाईंनी घासलेला तांब्या मी परत घासायची, आणि तोही त्या देवापुढे बसल्या असताना, म्हणजे त्यांचा अपमान नको. त्या देवापुढून उठल्या की तांब्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. त्यांना सगळं दिसायचं, ही एक मोठीच अडचण होती त्या घरात.

आमचे हे कचेरीत कारकून. बसणं ही यांची खरी विद्या. कचेरीत बसून दमले की घरी येऊन झोपाळ्यावर बसायचे. नव्या नवलाईत मला म्हणायचे, "अगं, ये, बस जरा." मी बसायची. बसल्याबरोबर झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतायत हे माझ्या ध्यानात यायचं आणि मी खोबरेलाची वाटी आणायला उठायची. कड्यांना तेल घालायचं म्हणजे यांना झोपाळ्यावरून उठावं लागायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर यांनी मला 'बस' म्हणणं सोडून दिलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली.

पण महिन्यातून एकदा मला बसावंच लागे. आताच्या मुलींना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा घरोघर तीच रीत. बाईला कावळा शिवला की तीन दिवस तिने घरात पाऊल टाकायचं नाही. मागच्या पडवीत घोंगडी टाकून बसायचं, जेवण लांबून वाढलेलं खायचं, कशाला शिवायचं नाही, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. सासूबाईंचं सोवळं कडक. वाळत टाकलेल्या पापडावर माझी सावली पडली तरी त्या मला परसातल्या दगडी गडग्यापर्यंत मागे हटवायच्या.

आता या रिवाजाबद्दल काय वाटेल ते म्हणा, पण पुष्कळ बायका त्या तीन दिवसांची वाट बघत असत. ना चूल, ना धुणं, ना कुणाची हाक. पलीकडच्या घरातल्या काकू तर पडवीत अशा पसरायच्या की बघणाऱ्याला हेवा वाटावा. घरात पाहुणे वाढले की त्यांना कावळा जरा लवकरच शिवायचा, अशी आळीत कुजबूज होती. अशा खोट्या बसणाऱ्या बायकांचा मला भयंकर राग. त्यांना कामचुकार म्हणून मी तोंडभर नावं ठेवलेली आहेत, विहिरीवर, चारचौघींत. मला स्वतःला ते दिवस म्हणजे शिक्षाच. आतून फोडणीचा आवाज आला की मी बाहेरून ओरडायची, "हिंग घातला का?" केरसुणीचा आवाज आला की, "कोपऱ्यातलं निघालं का?" सासूबाई आतून म्हणायच्या, "देवा, हिला तीन दिवस तोंडालासुद्धा विटाळ असता तर काय बिघडलं असतं?"

घरात एकच जीव असा होता की त्याला हे दिवस म्हणजे सण वाटायचा, आणि तो म्हणजे आमची मुलगी. लहान पोरांना एक सवलत असे. अंगावरचे कपडे काढून पोर शिवलं तर विटाळ होत नाही. ही पाच वर्षांची असताना परकर-पोलकं खळ्यात, म्हणजे अंगणात, भिरकावून द्यायची आणि तशीच नागडी धावत येऊन माझ्या मांडीत बसायची. मला कुठे जाता यायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक. तिथे ती मला काय वाटेल ते विचारायची आणि मी तिला गोष्टी सांगायची. पुढे मोठी झाल्यावर शिवायची बंदी आली, तेव्हा पडवीच्या खालच्या पायरीवर बसायची आणि तिथून बोलायची. एकदा चैत्राच्या हळदीकुंकवाला भरल्या ओटीवर ही मला विचारते, "आई, तुला कावळा परत कधी शिवणार?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी तिला आत नेऊन चांगली दटावली. ती असं का विचारते याचा विचार करायला मला तेव्हा सवड नव्हती. हळदीकुंकवाची कैरीची डाळ वाटायची राहिली होती.

मग तिचं लग्न झालं. जावई मुंबईला एका पेढीवर, गिरगावात एक खोली. लग्नानंतर वर्षभराने ती पहिल्यांदा माहेरपणाला आली ती ऐन मे महिन्यात, आळीतल्या एका कुटुंबाच्या सोबतीने, बोटीने. बंदरावर, बोटीतून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरली तेव्हा तोंड उतरलेलं, पण डोळे हसरे. बैलगाडीत माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय. पण असं नाही, सावकाशीनं. तू बसलीस की."

"सांग ना," मी म्हटलं, आणि तिच्या लुगड्याला बोटीतला कसला डाग लागलाय ते नखाने खरवडून बघायला लागले. गाडीवान मिरजोळ्याचा. तो मागे वळून म्हणाला, "बाय, लेकीचा तोंड बघा आधी, लुगडा मागनं बघा." मला त्याचा रागच आला. म्हटलं, तू तुझे बैल बघ.

मे महिना म्हणजे कोकणातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्याची सगळी आगोट तेव्हाच करायची. रातांबे फोडून आमसुलं घालायची, फणसाचे गरे तळायचे, आंब्याच्या पोळ्या उन्हात घालायच्या, रस आटवून ठेवायचा. त्यात लेक आलेली. मग काय विचारता! माझ्या अंगात संचारच झाला. रोज तिच्या आवडीचं एक करायचं, आणि जाताना बरोबर द्यायला दुसरं करायचं. ती माझ्या मागे मागे हिंडायची. मी विहिरीवर तर ती विहिरीवर, मी चुलीपाशी तर ती दारात. "आई, झालं का?" "हो, झालंच, एवढा घाणा काढते." "आई, आता तरी बस ना." "बसते गो, एवढी कढई उतरवते." मला वाटे, तिला माझा कामाचा झपाटा बघून कौतुक वाटत असेल.

एक मात्र मला खटकायला लागलं. पोरीचं खाणं बिघडलं होतं. तळलेल्या गऱ्यांचा घाणा निघाला की ही नाकाला पदर लावून खळ्यात जायची. आमरस पुढे केला तर नको. मिठाच्या बरणीशेजारी उभी राहून कैरीच्या फोडी मात्र खायची. दुपारी जेवली की जागच्या जागी पेंगायची. मी यांना म्हटलं, "मुंबईनं पोरीची चव घालवली, आणि वर आळशी केलं ते वेगळंच." हे झोपाळ्यावरून म्हणाले, "आळस वाईट नसतो." सासूबाई ताकाला रवी लावून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मला वाटलं, माझ्या कपाळाला काळं लागलंय. मी कपाळ पुसलं.

आणि मग एका सकाळी लेक म्हणाली, "आई, मी बाहेर बसले हो." म्हणजे तिलाच कावळा शिवला. मागच्या पडवीत घोंगडी पडली. आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, तीन दिवस पायात पायात करणारं कुणी नाही, तेवढ्यात आंबापोळ्या उरकून घेऊ. दुपारी मी तिला वाढायला गेले. लांबून ताट सरकवलं, वरून आमटी सोडली. ती म्हणाली, "आई, जरा बस ना तिथं पायरीवर. शिवायचं नाही, नुसतं बस."

"आले हं," मी म्हटलं, "रस उतू जाईल." आणि गेले ते दिवेलागणीलाच परत आले, ते रात्रीचं जेवण घेऊन. पायरी तशीच रिकामी होती आणि ताटातला भात तसाच होता.

त्याच संध्याकाळी हे कचेरीतून येताना बातमी घेऊन आले. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्याच, पण यंदा समुद्र लवकर फिरला होता. बंदरावर सांगत होते की परवा सकाळची मुंबईची बोट शेवटची. म्हणजे आमची उरलेली दहा दिवसांची माया एका दिवसावर आली. जावई खाणावळीत जेवत होते, लेकीला जायलाच हवं होतं, आणि बरोबर आलेलं कुटुंबही याच बोटीने परतत होतं.

कुठल्याही शहाण्या आईने काय केलं असतं? लेकीजवळ जाऊन बसली असती. मी काय केलं? पहाटे उठून दोन चुली एकदम पेटवल्या. एकीवर रस, दुसरीवर गऱ्यांसाठी तेल. बांधून द्यायचं सामान मनात आठवत मी घरातून खळ्यात आणि खळ्यातून घरात धावत होते. अशीच मागच्या खिडकीशी कापडाचा तुकडा शोधायला गेले तेव्हा बाहेरून बोलण्याचा आवाज आला. डोकावून पाहते तर लेक घोंगडीवर बसून गोठ्यातल्या गाईशी बोलत होती. गाय रवंथ करत होती. ही तिला म्हणाली, "तू बरी गो. तू निदान एका जागी उभी तरी राहतेस."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. गाईचा हेवा वाटला मला, खोटं कशाला सांगू. माझी लेक मुंबईहून समुद्र ओलांडून माझ्याशी बोलायला आली होती आणि आता ती गाईशी बोलत होती. उद्याचा दिवस उजाडला की ती तेही न बोलता जाणार होती. बैलगाडीतलं तिचं 'तू बसलीस की' मला आता आठवलं. पण तिच्याजवळ जाऊन बसायचं म्हणजे मी सोवळ्यात, ती विटाळात. आणि समजा पायरीवर बसले, तरी मी किती वेळ बसेन याची मला स्वतःचीच खात्री नव्हती. मला बांधूनच घालायला हवं होतं.

मी चुलीपाशी आले. सासूबाई रस ढवळत होत्या. मी म्हटलं, "सासूबाई, मला कावळा शिवला."

त्यांचा हात थांबला. "आज?"

"आज."

"आत्ता?"

"हो, आत्ताच."

आमच्या घरात कुणाचे दिवस कधी याची गणती सासूबाईंना बोटांवर पाठ. माझा हिशेब अजून लांब होता हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही असणार. मी मान खाली घालून उभी. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बसायला निघाले होते, आणि तेही ऐन आगोटीत, दोन चुली पेटलेल्या असताना. त्या एवढंच म्हणाल्या, "मग चुलीशी उभी काय राहिलीस? हो बाहेर." आणि पुन्हा रस ढवळायला लागल्या. पडवीत पोचल्यावर माझ्या डोक्यात आलं की हे काहीतरी विपरीतच घडलं. घटकेपूर्वी तो रस मी ढवळत होते. सासूबाईंच्या सोवळ्याने तो सगळाच्या सगळा गाईपुढे जायला हवा होता. पण जास्त विचार करायची माझी हिंमत झाली नाही.

लेकीने मला घोंगडीवर बसताना पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलं? विटाळातल्या दोघींना एकमेकींना शिवायची मुभा असते. ती सरकून माझ्या खांद्याला टेकली. मीही तिच्या पाठीवर हात ठेवला. आता निवांत बोलू, असं म्हणून मी ऐसपैस मांडी घातली.

आणि मला बसता येईना! मी पुष्कळ वेळा त्या पडवीत बसले होते, पण तेव्हा नाइलाज होता, तो राग काढायला तरी मिळायचा. या खेपेला मी आपण होऊन बसले होते, आणि माझे हात ऐकेनात. गोठ्याच्या कडेला नारळाची सोडणं पडली होती ती मी लहान-मोठी निवडून रचली. खुंटीवरच्या दाव्याची गाठ नीट नव्हती, ती सोडून परत मारली. आंबापोळ्यांवर कावळे येत होते, तेव्हा काठी घेऊन ते हाकलले. तेवढ्याने माझा जीव जरा सुखावला, पण कावळे मेले समजूतदार, परत आलेच नाहीत. घोंगडीची दशी ओढली. लेकीच्या वेणीचा पेड सैल होता, तो सोडला आणि घट्ट घातला, मग दुसरा त्याच्याशी जुळेना म्हणून दोन्ही सोडले. "आई, दुखतंय," ती म्हणाली. डोकं ठणकायला लागलं, तोंड कोरडं पडलं, पायाला मुंग्या आल्या. कामावाचून मला चक्क ताप चढल्यासारखं झालं. गुत्ता बंद असला की दारूबाज माणूस आळीत कसा येरझाऱ्या घालतो ते मी पाहिलेलं आहे. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्याला कुणी कामसू म्हणून नावाजत नाही.

ती बोलायची आणि मी हुंकार द्यायची, पण कान आत. आता सासूबाईंनी सूप झटकलं. आता कढई खाली ठेवली, आणि ठेवली ती नेमकी ओल्या जागी. अशी ती अख्खी सकाळ गेली. दुपारी ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, ऐक ना. मला सांगायचं होतं ते..."

"थांब थांब," मी म्हटलं आणि मान आत वळवून ओरडले, "सासूबाई, जाळ कमी करा, बुडाशी लागतोय!"

तिने माझा हात सोडला. रागावली नाही, रडली नाही. नुसती सोडणांच्या राशीकडे तोंड करून कुशीवर पडली आणि म्हणाली, "काही नाही. तू बघ जा."

तेव्हा मला कळलं. मी बसले होते खरी, पण माझ्यातली फक्त मांडी बसली होती. हिच्यासाठी मी खोटं बोलले, सोवळं मोडलं, देवाचा कोप ओढवून घेतला, आणि तरी मी हिच्याजवळ नव्हतेच. ज्या कामचुकार बायकांना मी नावं ठेवली त्यांना निदान बसता येत होतं. मला फार वाईट वाटलं. तिचं कपाळ माझ्याकडे वळवून म्हटलं, "सांग गो."

"तू आत बघ."

"आत मरो. तू सांग."

मी हात मांडीखाली दाबून धरले. मग ती म्हणाली, "आई, मी खोटं बसलेय."

"म्हणजे?"

"मला कावळाबिवळा काही शिवलेला नाही. मला वाटलं, मी इथं येऊन बसले की तू पायरीवर येऊन बसशील. मी बसायची ना, तशी."

मी मांडीखालचे हात काढले. मग म्हटलं, "मीही खोटीच बसलेय."

आणि मग आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना. ती माझ्या तोंडावर हात ठेवतेय, मी तिच्या. गाय दचकून उभी राहिली. हसता हसता मी म्हटलं, "मग तुझे दिवस कधीचे गो?" आणि ती हसायची थांबली, लाल झाली, आणि खाली बघून म्हणाली, "चुकलेत. दोन महिने झाले. बोटीतच लक्षात आलं. यांनासुद्धा अजून ठाऊक नाही. आधी तुला सांगायचं होतं."

कैरीच्या फोडी, नाकाला लावलेला पदर, दुपारचं पेंगणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पोळी कुठल्या कडेला ओली राहिलीय हे मला लांबून दिसायचं, आणि पोटच्या पोरीची एवढी ठळक लक्षणं मी आळस म्हणून निकालात काढली होती. मी तिला छातीशी धरलं. दोघी रडलो, पुन्हा हसलो.

आता इथे थांबायला हवं होतं की नाही? पण मूळ स्वभाव! पुढच्या क्षणी मी उठून उभी. डिंक आणायला हवा. दुपटी शिवायला जुनी लुगडी काढायला हवीत. आलं घालून कैरीचं लोणचं वेगळं बांधून द्यायला हवं. मी सोवळं-ओवळं विसरून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी. "सासूबाई, अहो, पोरीला..."

"दिवस गेलेत," सासूबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या. "आली त्याच दिवशी कळलं मला. गाडीतून उतरताना पाऊल कसं टाकलंन ते बघितलं."

"मग मला सांगायचं नाही होय?"

"मी का सांगू? तिला सांगायचं होतं तुला. तू सापडशील तर ना."

"आणि मी... माझं..."

"तुझी गणती मला येत नाही काय गो? खरंच विटाळ झाला असता तर एवढा रस ठेवला असता मी?" त्यांनी कलथा कढईवर आपटला. "जन्मात कधी खोटं बसली नाहीस, ती बसलीस. म्हटलं, बसू दे. देवाचं काय ते मी बघून घेईन. उद्या सकाळी दोघी न्हा. तुमचा चौथा दिवस कधी ते मी ठरवीन. तिची ओटी तूच भर. पण तोवर आत पाऊल टाकायचं नाही. जा, बस तिथं."

एवढ्या कडक सोवळ्याच्या बाईने माझ्यासाठी एवढं पाप पदरात घेतलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण शिवायची सोय नव्हती. मी मुकाट्याने परत फिरले.

लेकीने माझ्यासाठी घोंगडी झटकून ठेवली होती. मी बसल्यावर तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मग ती कितीतरी बोलली. गिरगावातल्या खोलीबद्दल, तिथे समुद्र जवळ असून दिसत नाही त्याबद्दल, बाळंतपणाची भीती वाटते त्याबद्दल. मी ऐकलं. विचारलं तेवढं सांगितलं, माझ्या वेळी काय झालं होतं तेही सांगितलं. उद्या या वेळी ती बोटीत असणार, आणि दिवाळीपर्यंत मला दिसणार नाही, हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून ते कुणीच बोललं नाही. बोलता बोलता तिचे डोळे मिटले.

तेवढ्यात आतून वास आला. रस लागला होता. नुसता लागला नव्हता, बुडाशी धरून करपायला आला होता, आणि कढई आणखी जरा वेळ तशीच राहिली तर वर्षाची आटवण चुलीत गेल्यातच जमा. सासूबाईंचं नाक तपकिरीने कामातून गेलेलं. माझे पाय आपोआप ताठ झाले, पाठ सरळ झाली. लेकीने डोळे न उघडता माझा पदर मुठीत धरला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय गो, करपल्याचा वास येतोय का तिकडे?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि तिच्या केसांतून हात फिरवत बसून राहिले.